प्रभाताईंचे जॉर्जभाऊ

प्रभावती गजभिये यांच्या स्वयंपाकघरात तीन तसबिरी होत्या. एक बुद्धाची, एक बाबासाहेबांची आणि तिसरी एका गोऱ्या म्हाताऱ्याची. पांढरे केस, ओठ घट्ट मिटलेले. फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नला त्यांच्याकडे मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा मला वाटलं, हे घरमालकाचे वडील असणार. जर्मनीत भाड्याचं घर टिकवण्यासाठी माणूस काय काय करतो, हे मला तोवर चांगलंच कळलं होतं. विचारलं तर भाकरी थापता थापता ताई म्हणाल्या, "तो जॉर्ज वॉशिंग्टन. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष. लोक राहा राहा म्हणत होते आणि हा खुर्ची सोडून घरी गेला. असे फार नसतात."

त्यांचे यजमान सुखदेवकाका ताटं पुसत होते. ते म्हणाले, "आम्ही तिघं राहतो इथं. मी, ही आणि तो. तो कमी बोलतो म्हणून इतकी वर्षं टिकलाय."

मी उत्कर्षा. एश्बॉर्नमधल्या एका काचेच्या इमारतीत आयटी सल्लागार आहे. दिवसभर इतरांच्या चुका दुरुस्त करते आणि त्यामुळे माझी जीभ जरा तिखट झाली आहे, असं लोक म्हणतात. फ्रँकफर्टच्या परिसरातल्या महाराष्ट्रीय बौद्ध मंडळींची जी संस्था प्रभाताईंनी उभी केली, तिची मी पहिल्या दिवसापासून चिटणीस. म्हणजे ताईंना सहा वर्षं मी अगदी जवळून पाहिलं, पुष्कळदा वैतागून पाहिलं. त्यांच्यावर कोणी लिहिणार नाही. त्या मंत्री नव्हत्या, संशोधक नव्हत्या. रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी पंचवीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झाल्या. पण खुर्ची कशी सोडावी हे मी ज्या एकाच माणसाकडून शिकले, ती ही बाई. म्हणून लिहिते.

जॉर्जभाऊ त्यांच्या आयुष्यात आले ते नागपूरला, इंदोऱ्याच्या घरात. वडील गिरणी कामगार. रविवारी अंगणात बसून ते बाबासाहेबांची भाषणं मोठ्यानं वाचायचे. पुण्यातल्या एका भाषणात बाबासाहेबांनी लोकशाही कशानं टिकते हे सांगताना वॉशिंग्टनचं उदाहरण दिलं होतं. लोक ज्याला देवासारखा मानत होते त्या माणसानं तिसऱ्यांदा उभं राहायला साफ नकार दिला, ही ती गोष्ट. राजा नको म्हणून आपण घटना केली आणि आता मलाच राजा करता काय, असा त्याचा सवाल. छोट्या प्रभावतीला त्या वयात लोकशाही काय कळणार. पण देव व्हायची सोय असताना घरी निघून गेलेला माणूस तिच्या डोक्यात जो बसला तो बसलाच.

पुढे लग्न होऊन त्या सुखदेवकाकांबरोबर जर्मनीत आल्या, चौऱ्याऐंशी साली. जर्मन येत नव्हतं. वाचनालयात मुलांच्या कपाटात त्यांना वॉशिंग्टनचं एक चित्रांचं चरित्र सापडलं आणि त्यावर त्या जर्मन शिकल्या. याचा परिणाम असा झाला की त्यांना सैन्य, वेढा, माघार, राजीनामा हे शब्द आधी आले आणि पाव, लोणी, बटाटे नंतर. एकदा बेकरीत एक बाई रांग मोडून पुढे घुसली, तेव्हा ताईंनी तिला शांतपणे माघार घ्यायला सांगितलं. ती बाई म्हणे इतकी गांगरली की खरंच मागे गेली. तेव्हापासून ताईंना जर्मन भाषेची भीती वाटेनाशी झाली.

दोन हजार दहा साली आम्ही संस्था नोंदवली. जर्मनीत तिला फेराइन म्हणतात आणि सात माणसं जमली की जर्मन माणूस पहिलं काम फेराइन काढण्याचं करतो. आपली माणसंही त्यात मागे नाहीत, फक्त आपण सात माणसांत दोन काढतो. ताई बिनविरोध अध्यक्ष झाल्या आणि त्याच सभेत उभ्या राहून म्हणाल्या, "तीन तीन वर्षांच्या दोन मुदती. तिसऱ्यांदा मी नाही. आत्ताच सांगून ठेवते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किती निगर्वी बाई, असं सगळे म्हणाले. कोणीही ते खरं मानलं नाही.

नियमांचा मसुदा एका जर्मन वकिलाच्या छापील नमुन्यावरून केला होता. त्यात एक वाक्य होतं, की मुदत संपली तरी नवी निवड होईपर्यंत जुनी कार्यकारिणी कामावर राहील. ताईंनी ते काढायला लावलं. मी म्हटलं, "ताई, राहू द्या की. सगळ्यांच्यात असतं." त्या म्हणाल्या, "त्या एका वाक्यावर माणूस जन्मभर बसून राहतो, उत्कर्षा." मी काढलं. मला तेव्हा ती उगाचची कडक शिस्त वाटली होती.

ताईंचा कारभार म्हणजे जॉर्जभाऊंचाच कारभार, एश्बॉर्नच्या मापाचा. तिकडे अमेरिकेत नव्या राष्ट्राध्यक्षाला काय म्हणावं यावर महिनाभर खल झाला होता, महाराज म्हणावं की सरकार म्हणावं. शेवटी साधं अध्यक्ष ठरलं. इकडे आमच्या विपुलनं पहिल्याच जयंतीला 'धम्ममाता प्रभावती' असा रंगीत फलक छापून आणला. विपुल गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, मनानं चांगला, पण त्याला सगळं मोठं लागतं. फलक मोठा, हार मोठा, भाषण त्याहून मोठं. ताईंनी फलक पाहिला, छान आहे म्हणाल्या आणि उलटा करून खाऊच्या टेबलावर अंथरला. कापड जाड होतं, चटणीचे डाग पडले तरी पुसून निघायचे. सहा वर्षं आम्ही धम्ममातेवर समोसे खाल्ले.

वॉशिंग्टननं एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन मंत्री मुद्दाम एका टेबलाशी बसवले होते. ताईंनीही तसे दोघं बसवले. त्यातला एक विपुल. दुसरी मी. आम्ही दोघं भांडत असलो की ताई मटार सोलत बसायच्या आणि आम्ही दमलो की जे ठरवायचं ते ठरवायच्या. जयंती चौदा एप्रिललाच करायची की जवळच्या शनिवारी, यावर नागपूरकर आणि पुणेकर असे दोन तट पडले. मधल्या वारी रजा कोण देणार, असं पुणेकरांचं म्हणणं. बाबासाहेबांचा वाढदिवस सोयीनं करायचा का, असं नागपूरकरांचं. ताईंनी जाहीर केलं की त्या कोणाच्याच बाजूच्या नाहीत. चौदा तारखेला संध्याकाळी त्यांच्या घरी वंदना आणि शनिवारी सभागृहात कार्यक्रम. दोन्हीकडे त्याच खपायच्या. नागपूरकर म्हणाले ताई पुण्याच्या झाल्या, पुणेकर म्हणाले शेवटी नागपूरच. ताई म्हणाल्या, दोघं रागावले म्हणजे बरोबर चाललंय.

आणि घड्याळ. अंडी उकडताना लावतात ते, कोंबडीच्या आकाराचं, पिवळं. बोलायला उभा राहील त्याला तीन मिनिटं. कोंबडी ओरडली की वाक्य अर्धं असलं तरी बसायचं. आपल्या लोकांना हा नियम म्हणजे अत्याचारच. विपुलचं 'आदरणीय' संपेपर्यंतच कोंबडी ओरडायची. पण सहा वर्षांत एकाही माणसाला त्यात सूट मिळाली नाही. एका मुलीला मात्र मिळाली, आणि ती गोष्ट सांगायलाच हवी.

ताई रविवारी मुलांचा धम्माचा वर्ग घ्यायच्या, मराठीतून. यावर त्यांचा फार जीव. मुलं इथंच जन्मलेली, त्यांना मराठी समजायचं, पण उत्तर द्यायची जर्मनमध्ये. ताई ते ऐकूनच घ्यायच्या नाहीत. "मराठीत सांग, मग ऐकते," एवढंच म्हणायच्या. आमच्या संस्थेतल्या मालिनीताईंची मुलगी धम्मदीपा या वर्गाची जुनी विद्यार्थिनी. विद्यापीठात अमेरिकेचा इतिहास शिकत होती, तेवीस वर्षांची, आणि लहान मुलांना सांभाळायला म्हणून वर्गात येऊन बसायची. दोन हजार पंधराच्या शरदात एका रविवारी ताई मुलांना जॉर्जभाऊंची गोष्ट सांगत होत्या. खुर्ची सोडण्यापर्यंत आल्या आणि धम्मदीपानं हात वर केला.

"मराठीत," ताई म्हणाल्या.

"हे मला मराठीत नाही येणार, मावशी. पण महत्त्वाचं आहे." एवढं तिनं मराठीत सांगितलं.

ताईंनी कोंबडीला चावी दिली. धम्मदीपा जर्मनमध्ये बोलू लागली. वॉशिंग्टनच्या घरात ओना जज नावाची एक तरुण गुलाम मुलगी होती. राष्ट्राध्यक्ष फिलाडेल्फियात राहायचा तेव्हा तिथला कायदा असा होता की बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राहिला की त्याला सुटकेचा हक्क मिळायचा. म्हणून हा माणूस मुदत भरायच्या आत गुलामांना राज्याबाहेर फिरवून आणायचा. ओनाला मालकिणीच्या नातीला लग्नात भेट म्हणून द्यायचं ठरत होतं. ते कळल्यावर घरची मंडळी जेवत असताना ती दारातून निघून गेली. वॉशिंग्टन मरेपर्यंत तिला परत आणायच्या खटपटीत होता. ती काही सापडली नाही त्याला, म्हणजे सापडली, पण आली नाही.

कोंबडी ओरडली. धम्मदीपा थांबली. ताईंनी घड्याळ उचलून ओढणीखाली दाबलं आणि म्हणाल्या, "चालू दे."

"एवढंच," धम्मदीपा म्हणाली. "वर्ष सतराशे शहाण्णव. तो खुर्ची सोडतो असं त्यानं ज्या वर्षी जाहीर केलं, तेच वर्ष."

वर्ग तिथंच संपला. त्या दिवशी ताईंनी मला गाडीपर्यंत सोबत केली. मला धम्मदीपाचा रागच आला होता. म्हाताऱ्या माणसाचा एक आवडता म्हातारा असतो, राहू द्यावा त्याला, असं मला वाटलं. पुढे ताईंनी तिच्याकडून पुस्तकं मागवून घेतली आणि शब्दकोश घेऊन हिवाळाभर वाचली. मी नंतर गेले तेव्हा जॉर्जभाऊ बुद्धाशेजारून उतरले होते आणि फ्रिजच्या कडेला लागले होते. त्यांच्या डोक्यावर एक पांढरा कागद चिकटवलेला. त्यावर ताईंच्या अक्षरात नुसतं 'ओना जज'. तिचं चित्र कुठं मिळालं नाही म्हणाल्या.

"गुलाम होते हे मला माहीत होतं गं," ताई चहा गाळताना म्हणाल्या. "पण माझ्या पुस्तकात ते एका ओळीत होतं. त्या मुलीनं मला पानभर सांगितलं."

"मग काढूनच टाका की त्याला," मी म्हटलं.

"का? खुर्ची सोडली ते खोटं आहे का? त्याला खुर्ची सोडता आली. बाई सोडता आली नाही. मला दोन्ही समोर पाहिजे." मग कप माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "माझा बाप असता तर त्यालाही सांगितलं असतं मी. त्याला आवडलं नसतं. पण ऐकलं असतं."

सुखदेवकाका म्हणाले, "बिचारा फ्रिजपाशी गेला. आता रोज माझं बिअर काढणं बघतो."

दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये ताईंची दुसरी मुदत संपत होती आणि नेमकी त्याच वेळी खोली चालून आली. सहा वर्षं आम्ही गावच्या ब्युर्गरहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या सभागृहात, तासावर जागा घ्यायचो. आमची वंदना संपायच्या आत दाराबाहेर नाचाच्या वर्गाच्या बायका जमायच्या. स्वतःची जागा असावी, बुद्धमूर्ती कपाटात न ठेवता मांडता यावी, हे ताईंचं एकच स्वप्न होतं. त्यांच्या मुलानं, सुयशनं, ती जागा शोधली. सुयश म्हणजे शांत, उंच, गियर बनवणाऱ्या कंपनीतला इंजिनियर. सहा वर्षं खुर्च्या मांडणं, माईक जोडणं, म्हाताऱ्यांना स्टेशनवरून आणणं, सगळं तोच करायचा. जुन्या छापखान्याचा तळमजला होता, मालक भला म्हातारा जर्मन होता. त्याची अट एकच. करार नव्या कार्यकारिणीशी करीन, सभा झाली की पुढच्याच आठवड्यात सही. नाहीतर दुसरा भाडेकरू तयार होता.

आता इथं आमच्या लोकांनी जी चूक केली ती फक्त आपणच करू शकतो. ताई सहा महिने प्रत्येकाला सांगत होत्या की मी उभी राहणार नाही, कोणीतरी तयार व्हा. आणि प्रत्येक जण हसून "हो ताई" म्हणत होता. पंगतीत 'नको' म्हणणाऱ्याच्या ताटात आपण आणखी एक पुरी टाकतो ना, तसं. आपल्याकडे मोठ्या माणसानं नाही म्हणायचं असतं, मग लोकांनी आग्रह करायचा असतो, मग पुन्हा नाही, मग डोळ्यांत पाणी आणि मग हो. सगळ्यांनी ही पुढची पायरी गृहीत धरली होती. उमेदवार एकानंही शोधला नाही. विपुलनं तर हारही आणला होता.

सभा शनिवारी दुपारी होती. निवडणूक घेण्याचं काम माझ्याकडे. मी विचारलं, अध्यक्षपदासाठी कोण? विपुल उठला आणि ताईंचं नाव घेतलं. टाळ्या. ताई म्हणाल्या, "नाही." मोठ्या टाळ्या. मी पुन्हा विचारलं. ताई म्हणाल्या, "नाही म्हटलं ना." लोक हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, समोसे गार होतायत."

तिसऱ्यांदा ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उत्कर्षा, मी नाही म्हटल्याची नोंद कर आणि पुढे चल."

तेव्हा लोकांचं हसणं थांबलं. मी सगळ्यांना समजावून सांगितलं. मुदत संपली तरी जुनी कार्यकारिणी चालू राहते, ते वाक्य आपल्या नियमांत नाही. आज निवड झाली नाही तर उद्यापासून कार्यकारिणीच नाही, मग कोर्ट कोणीतरी माणूस नेमणार, आणि त्याला महिने लागतात. खोलीची सही तोवर थांबणार नाही. ताईंचे हात मांडीवर होते आणि त्या हातांकडे पाहत बसल्या होत्या. खोली त्यांची होती, मनानं तरी. मूर्ती कुठे ठेवायची ती भिंतही त्यांनी ठरवली होती.

विपुलला एकदम सुचलं. तो खुर्चीवरून जवळजवळ उडालाच. "अरे, मग सुयश आहे की. गेनाऊ, अगदी बरोबर, सुयश. ताईंचं रक्त आहे, काम तोच करतो, जागा त्यानंच आणली. बिनविरोध करून टाकू."

इतक्या टाळ्या त्या सभागृहानं कधी ऐकल्या नसतील. मीही वाजवल्या. सुयश उभा राहिला, कान लाल झालेले, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. हे मी पाहिलं. त्याला हवं होतं ते. त्यानं कधी मागितलं नव्हतं, पण हवं होतं.

ताईंनी बोलायला हात वर केला. स्वतःच कोंबडीला चावी दिली आणि टेबलावर ठेवली.

"सुयश चांगला आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याहून बरं चालवेल. पण विपुल त्याचं काम नंतर म्हणाला, आधी म्हणाला रक्त. इथून उठून गेलेल्या बाईच्या खुर्चीवर तिचा मुलगा बसला तर ती बाई उठलीच नाही. आपण कोणाची माणसं आहोत? जन्मानं कोण कुठे बसायचं हे ज्यांनी हजारो वर्षं सोसलं, त्यांची. आपल्यात हे नको. माझं मत विरुद्ध आहे." आणि बसल्या. कोंबडी ओरडायला अजून वेळ होता, ती टेबलावर टिकटिकत राहिली.

सुयशनं नाव मागे घेतलं आणि हळूच खाली बसला. मला ताईंचा भयंकर राग आला. एवढ्या लोकांत, पोटच्या पोराला. तत्त्व ठीक आहे, पण त्या लाल कानांचं काय?

"मग खोली जाऊ द्यायची का ताई?" विपुल म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"गेली तर जाऊ दे."

सुखदेवकाकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आणि मागच्या रांगेतून धम्मदीपा उभी राहिली.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', ती म्हणाली आणि थांबली, आणि पुढेही जर्मनमध्येच बोलली. मी उभी राहते. पण सभा मी जर्मनमधून चालवीन, ज्यांना हवं त्यांनी मराठीत बोलावं. आणि मुलांचा वर्ग कोणत्या भाषेत घ्यायचा ते मी सभेपुढे मतदानाला ठेवीन. हे आधीच सांगते, नंतर कोणी म्हणू नये.

सगळ्यात आधी विरोध केला तो तिच्या आईनं. मालिनीताई म्हणाल्या, "हिला साधं वरण फोडणी देता येत नाही, ही काय संस्था चालवणार." दोन-तीन म्हातारे म्हणाले, मराठी न बोलणारी अध्यक्ष कशी चालेल. सगळे ताईंकडे पाहायला लागले. आता ताई काहीतरी म्हणतील. वर्गाचं मराठी हा त्यांचा जीव की प्राण होता आणि ही मुलगी त्यांच्या समोर त्यालाच हात घालत होती. ताईंनी एक शब्द बोलायला हवा होता, निकाल तिथंच लागला असता. त्या बोलल्या नाहीत. मटार सोलायला नव्हते म्हणून असेल, नुसत्या बोटं सोलत बसल्या.

तिच्या एकटीच्या नावावर, हो की नाही, असं गुप्त मतदान झालं. मी चिठ्ठ्या मोजल्या. धम्मदीपा थोडक्यात निवडून आली. ताईंनी काय मत दिलं हे मला माहीत नाही आणि मी आजवर विचारलेलं नाही. विपुलनं आणलेला हार धम्मदीपाच्या गळ्यात घातला, कारण हार आणलाच होता. सुयश तिच्यापाशी गेला आणि खोलीच्या मालकाचा नंबर तिला दिला. "सोमवारी फोन कर," म्हणाला. "सकाळी कर, दुपारी तो झोपतो."

परत जाताना मी त्यांच्याच गाडीत होते. सुयश चालवत होता. तो पुढे बघतच म्हणाला, "आई, विरोध केलास त्याचं काही नाही. मला कळतंय ते. पण सगळ्यांच्या आधी मला एकदा सांगायचं होतंस. मी तिथं उभा होतो."

मला वाटलं, आता ताई जॉर्जभाऊंचं काहीतरी काढणार.

"चुकलं माझं," ताई म्हणाल्या. "लोक तुझं नाव घेणार हे मला आधीच कळायला पाहिजे होतं. मी गृहीत धरलं की तुला कळेल. सगळ्यांना सांगत फिरले आणि तुला गृहीत धरलं." मग त्यांनी पदरानं डोळे पुसले. सुयशनं एक हात मागे केला, ताईंनी तो धरला, आणि काका म्हणाले, "हात स्टिअरिंगवर ठेव बाबा, संस्थेत आधीच माणसं कमी आहेत."

खोली मिळाली. जूनमध्ये नव्या जागेत पहिली सभा झाली. भिंतींना अजून शाईचा वास येत होता. मूर्ती ताईंनी ठरवलेल्या भिंतीवर नव्हती, समोरच्या होती, कारण धम्मदीपाच्या मते तिथं उजेड चांगला येत होता. ताई शेवटच्या रांगेत बसल्या. सभा जर्मनमधून चालली आणि तासाभरात संपत आली, जे आमच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. शेवटचा विषय मुलांच्या वर्गाचा.

ताईंनी हात वर केला. त्या मराठीत बोलल्या आणि फार चांगलं बोलल्या. अंगणात वाचणाऱ्या वडिलांबद्दल बोलल्या, भाषा गेली की ती भाषणंही जातील असं बोलल्या. विपुलचे डोळे भरले. त्या पुढे बसलेल्या मुलांना म्हणत होत्या, "आणि मुलांनो, एक गोष्ट मी तुम्हाला..." तेवढ्यात पिवळी कोंबडी ओरडली.

सगळे धम्मदीपाकडे बघू लागले. माझी खात्री होती की ती घड्याळ दाबेल आणि 'चालू दे' म्हणेल. तिच्यासाठी एकदा ताईंनी दाबलं होतं. धम्मदीपाचा चेहरा पांढरा पडला होता. ती उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "मावशी, वेळ झाली."

ताई बसल्या. वाक्य तसंच अर्धं राहिलं.

मतदान झालं. वर्ग जर्मनमधून घ्यायचा आणि वंदना मराठी-पालीत, असं ठरलं. ताई हरल्या. लोक चहाकडे गेले. मी तावातावानं शेवटच्या रांगेकडे गेले आणि म्हटलं, "ताई, हे बरोबर नाही झालं. एवढं करून तुम्हालाच. तुम्हाला राग नाही आला?"

"आला की," ताई म्हणाल्या. "खूप आला आहे."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पर्स उचलली, चष्मा आत ठेवला. "अध्यक्ष होते तेव्हा मला राग आला की तुम्ही सगळे घाबरायचात. मला ते दिसायचं. आता तो माझा एकटीचा आहे. बरं वाटतंय मला."

दारापाशी धम्मदीपा उभी होती. दार तिनं उघडून धरलं होतं, वडीलधारी माणसं आधी जातात म्हणून. आमच्या सगळ्या मुलांना एवढं तरी वळण आहे. ताई तिच्यासमोर थांबल्या आणि बाजूला सरकल्या. नवा राष्ट्राध्यक्ष शपथ घेऊन बाहेर पडला तेव्हा वॉशिंग्टननं मागे थांबून नव्या माणसांना आधी जाऊ दिलं होतं, अशी एक आठवण सांगतात. ती ताईंनी आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की मला ती लगेच ओळखू आली. धम्मदीपाला ती माहीत असणारच. तरी ती हलेना. "तुम्ही आधी, मावशी," ती म्हणाली.

"नाही," ताई म्हणाल्या. "अध्यक्षबाई, निघा तुम्ही. मला घरी जाऊन रागवायचंय."